मावळ प्रांत : तेथील जमीन, पाणी व शेतकरी

दौंड, इंदापूर किंवा बारामतीकडील एखाद्या बागाईतदारास, आपल्या पाटाला पाणी कोठून येतें असें विचारलें, तर तो धरणाचें नांव सांगतो. धरणांत तें कोठून येतें असें पुढें विचारलें, तर "डोंगरांतून" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हा डोंगर कसला आहे, त्यावर कोण राहतात, काय पिकवितात व त्यांचें कसें चाललें आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ज्याच्या आधारावर आपला ऊंस उभा आहे त्या प्रदेशाविषयीं इतकें अज्ञान असणें शेतकऱ्यास शोभणारें नाहीं आणि हिताचेंही नाहीं. म्हणून पुणें जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील मावळ प्रांताची माहिती, शेतकऱ्याच्या दृष्टीनें, प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे.

नांव व सीमा

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा. देशावरील माणसाच्या दृष्टीनें पश्चिमेकडील मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेस सुमारें दहा ते वीस मैल रुंदीचा, उत्तरेस जुन्नरपासून दक्षिणेस भोरपर्यंत पसरलेला जो डोंगरपट्टा, त्यास ढोबळ मानानें हें नांव आहे. आजच्या जुन्नर, आंबेगांव, खेड, मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचें वेल्हें) व भोर या तालुक्यांचे पश्चिमेकडील भाग यांत येतात. माथ्यापासून पूर्वेकडे डोंगराचे फांटे निघाले आहेत व दोन फांट्यांमधून एकेक नदी वाहते. अशा एका नदीच्या खोऱ्यास एक मावळ म्हणण्याची जुनी चाल आहे. आंदर मावळ, नाणें मावळ, पवन मावळ, पौड खोरें, मुसें खोरें, गुंजण मावळ, हिरडस मावळ हीं नांवें अद्यापि लोकांच्या तोंडीं आहेत.

या विभागणीचें कारण केवळ राजकीय नव्हे. एका खोऱ्यांतील माणसास दुसऱ्या खोऱ्यांत जावयाचें तर डोंगर चढून उतरावा लागतो. त्यामुळें प्रत्येक खोऱ्याचा बाजार, देव, जत्रा व सोयरीक हीं बहुतेक त्या खोऱ्यापुरतीं राहिलीं, आणि प्रत्येक खोऱ्याचा देशमुखही निराळा झाला. हिरडस मावळाच्या शेजारील रोहिड खोऱ्याचे कान्होजी जेधे व मुसें खोऱ्याचे बाजी पासलकर यांसारख्या देशमुखांस एकत्र करूनच शिवाजी महाराजांनीं राज्याचा पाया घातला. ज्या मावळ्यांची कीर्ति आपण ऐकतों, ते वर्षांतील कांहीं महिने भाताच्या चिखलांत काम करणारे शेतकरीच होते, हें विसरूं नये.

डोंगराची घडण

हा सारा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त रस वारंवार वर आला आणि थरावर थर पसरून थिजला. प्रत्येक थराचा कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो व त्याचा मऊ भाग झिजून उतार होतो. म्हणून सह्याद्रीचा डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कोंकणाच्या बाजूस तो एकदम तुटला आहे. देशाच्या बाजूस मात्र हळूहळू उतरत जातो. तोरण्याची उंची १,४०३ मीटर, म्हणजे सुमारें साडेचार हजार फुटांहून थोडी अधिक आहे.

हाच पाषाण कुजून माती होते. माथ्यावर व उतारावर ती तांबूस, हलकी व एखाद दुसऱ्या वितीची असते. खालीं नदीकाठीं ती खोल व काळसर होत जाते. मावळची माती वर्षानुवर्षें पावसानें धुतली गेल्यामुळें तिच्यांतील चुना निघून गेला आहे व ती किंचित् आम्ल झाली आहे. भातास ती मानवते. परंतु तिच्यांत कस थोडा, आणि जो आहे तो वरच्या चार अंगुळांत. ती चार अंगुळें गेलीं म्हणजे खालीं मुरूम किंवा कातळ लागतो. मावळच्या शेतीचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे.

पाऊस

नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीस अडतात, वर चढतात, थंड होतात व आपलें पाणी तेथेंच टाकतात. माथा ओलांडून पुढें गेलेल्या वाऱ्यांत फारसें पाणी उरत नाहीं. याचा परिणाम पाहावयाचा असल्यास लोणावळें ते पुणें एवढा प्रवास पुरे आहे. लोणावळ्यास वर्षास सरासरी पावणेदोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो; तेथून अवघ्या चाळीस मैलांवरील पुण्यास अठ्ठावीस इंच. मधल्या वडगांवास येतां येतांच तो निम्म्याहून पुष्कळ कमी झालेला असतो. म्हणजे दहा मैलांच्या अंतरावरील दोन गांवांचीं पिकें, घरें व गुरें एकमेकांसारखीं नसतात, यांत नवल नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर तें पाणी सुमारें १,०२,८०० लिटर भरतें. शंभर इंच पाऊस पडणाऱ्या गांवीं एका एकरावर वर्षांत एक कोटी लिटरांहून अधिक पाणी आकाशांतून येतें. असें असून त्याच गांवच्या बायका चैत्र-वैशाखांत हंडा घेऊन झऱ्यावर वाटीवाटीनें पाणी भरीत बसतात. पाऊस चार महिन्यांत पडून जातो. कातळ उघडा, उतार तीव्र, माती उथळ. म्हणून पाणी मुरण्यास अवकाशच मिळत नाहीं. मावळांत पाण्याचा दुष्काळ नाहीं, पाणी थांबण्याचा दुष्काळ आहे.

खाचर

उतारावरून धांवणाऱ्या पाण्यास थांबविण्याची युक्ति मावळच्या शेतकऱ्यानें फार पूर्वींच काढली. ती म्हणजे भाताचें खाचर. ओहोळाच्या अंगानें दगडाची ताल घालावी, तिच्यामागें पावसाबरोबर आलेला गाळ सांठूं द्यावा, कांहीं वर्षांनीं जागा भरून सपाट झाली म्हणजे भोंवतीं बांध घालून तेथें भात लावावें, असा हा क्रम आहे. एक खाचर तयार होण्यास कधीं कधीं एक पिढी लागते. वरच्या खाचराचें जादा पाणी खालच्यांत, त्याचें त्याच्याही खालच्यांत, असें उतरत उतरत तें नदीस मिळतें. यामुळें एकाचा बांध फुटला तर खालच्या दहांचें नुकसान होतें. आणि म्हणूनच बांधाची दुरुस्ती ही एकट्यादुकट्याची खाजगी बाब मानली जात नाहीं.

जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत महादेव कोळी लोकांमध्यें या कामाची एक उत्तम रीत चालत आली आहे. तीस पडकई म्हणतात. कांहीं कुटुंबें एकत्र येऊन पाळीपाळीनें एकमेकांच्या जमिनीवर राबतात. दगड काढणें, ताल रचणें, माती सारखी करणें हीं कामें मजुरी न देतां-घेतां होतात. आज मीं तुझ्या खाचरांत घाम गाळला, उद्यां तूं माझ्या खाचरांत ये, एवढाच करार. देशावरील इर्जिकीची ही बहीणच होय. ही रीत इतकी उपयुक्त ठरली, कीं सरकारनेंही पुढें जमीन सुधारणेच्या योजनेस पडकई हेंच नांव दिलें.

राब

भाताचें रोप करण्यासाठीं मावळांत राब भाजण्याची चाल आहे. फाल्गुन-चैत्रांत रोपाच्या जागेवर शेण, त्यावर झाडांच्या डाहाळ्या व पालापाचोळा, त्यावर गवत व शेवटीं बारीक माती असे थर घालून ते सावकाश जाळतात. मृगाचा पाऊस पडला म्हणजे त्या राखेंत बीं पेरतात. या भाजण्यानें तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते व राखेचें खत मिळतें. म्हणून रोप जोमदार येतें. शेतकऱ्याचा हा अनुभव खोटा नाहीं.

परंतु राबासाठीं झाडें खांडावीं लागतात. या प्रश्नावरून मुंबई इलाख्यांत जुना झगडा झालेला आहे. सरकारी जंगलखात्यानें राबासाठीं फांद्या तोडण्यास बंधनें घातलीं, तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं मोठी तक्रार केली. आणि १८८५ मध्यें नेमलेल्या जंगल कमिशनास या प्रश्नाचा विचार करावा लागला. शेतकरी म्हणे, राबावांचून भात नाहीं. जंगलखातें म्हणे, राबानें रान नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें. आज मात्र या कोड्यांतून सुटण्याची वाट सांपडली आहे. ती पुढें सांगतों.

तांदळाच्या जाती

मावळचा मानाचा तांदूळ आंबेमोहर. शिजतांना आंब्याच्या मोहराचा वास येतो म्हणून हें नांव. दाणा आंखूड व भात मऊ असतो. लहान मुलांस व आजाऱ्यांस त्याची पेज देतात. मुळशीच्या आंबेमोहरास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तथापि या जातीचें रोप उंच वाढतें व वाऱ्यापावसांत लोळतें, करपा रोगास बळी पडतें आणि उत्पन्न कमी देतें. वडगांव मावळ येथील भात संशोधन केंद्रानें आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरापासून इंद्रायणी ही जात काढली व ती १९८७ मध्यें प्रसृत झाली. तिला वास आहे, दाणा लांबट आहे व उत्पन्न आंबेमोहराहून पुष्कळ अधिक आहे. यामुळें बहुतेक खाचरांत आज इंद्रायणीच दिसते.

येथें एक सूचना करावीशी वाटते. बाजारांत आंबेमोहर या नांवानें जो तांदूळ विकला जातो तो सारा मावळांत पिकलेला नसतो. ज्यांनीं घरचें शुद्ध बीं राखलें आहे त्यांनीं तें सोडूं नये. दोन-चार गुंठे कां होईना, आंबेमोहर लावीत जावा. त्याचा भाव आज नांवावर दुसरे खात आहेत, तो उद्यां आपल्यास मिळण्याचा तोच एक मार्ग आहे.

चार सूत्रें

राबावांचून व थोड्या खतांत चांगलें भात पिकविण्याची चारसूत्री पद्धति कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांनीं प्रचारांत आणली. तीं सूत्रें अशीं :

पहिलें, भाताचे अवशेष भातासच परत द्यावे. रोपवाटिकेंत दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी व खाचरांत हेक्टरीं सुमारें दोन टन पेंढा गाडावा. राखेंतील सिलिकेमुळें रोप कणखर होतें.

दुसरें, बांधावर गिरिपुष्पाचीं झाडें लावून त्यांचा कोंवळा पाला, हेक्टरीं सुमारें तीन टन, चिखलणीच्या आधीं खाचरांत पसरावा.

तिसरें, लावणी नेमक्या अंतरावर करावी. दोरीवर आळीपाळीनें १५ व २५ सेंटिमीटरांवर खुणा करून, आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंस तेंच अंतर धरावें व एका चुडांत दोन-तीनच रोपें लावावीं.

चौथें, लावणीच्याच दिवशीं, १५ सेंटिमीटरांच्या चौकोनांतील चार चुडांच्या मध्यभागीं युरिया व डीएपी यांची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावी.

यांतील गणित सोपें आहे. चार चुडांची एक चौकडी ४० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद जागा घेते. या मानानें एका हेक्टरांत ६२,५०० चौकड्या बसतात. गोळी २.७ ग्रॅमची असते, तेव्हां हेक्टरास सुमारें १७० किलो खत लागतें. गुंठ्यास पावणेदोन किलोंच्या आंतच. मावळांत खत फेंकून देणें म्हणजे तें ओढ्यास देणें होय. गोळी मात्र चिखलांत खोल राहते, पाण्याबरोबर वाहून जात नाहीं व पिकास हळूहळू मिळते. बहुतेकांची जमीन गुंठ्यांत मोजण्याइतकी, अशा प्रांतांत या पद्धतीचें महत्त्व विशेष आहे. शिवाय, राख घरच्या तुसाची व पाला बांधावरच्या झाडांचा, म्हणून राबासाठीं रान खांडण्याचें कारण उरत नाहीं. शेतकरी व जंगलखातें यांच्यांतील तो जुना वाद येथें मिटतो.

वरकस जमीन

खाचर हा मावळचा लहान हिस्सा. उताराची हलकी जमीन ती वरकस. तीवर पहिल्या वर्षीं नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरई अथवा सावा, तिसऱ्या वर्षीं खुरासणी म्हणजे कारळा घ्यावा व नंतर कांहीं वर्षें जमीन पड ठेवून तीवर गवत येऊं द्यावें, अशी जुनी फेरपालट आहे. उतारावर नाचणीचें रोप लावतांना तें उताराच्या आडव्या ओळींत लावणारा शेतकरी शहाणा समजावा. जमीन पड ठेवण्याचीं वर्षें लोकसंख्येबरोबर कमी होत गेलीं व त्याबरोबर वरकसाचें उत्पन्नही घटलें. नाचणी-वरईस गरिबाचें अन्न म्हणून पूर्वीं हिणवीत. परंतु त्यांतील पोषणाची योग्यता आतां सर्वमान्य झाली असून, २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलें. भाव आला म्हणून उताराची सगळी जमीन एकदम नांगरूं नये, इतकेंच सांगणें आहे.

भात निघाल्यावर खाचराच्या ओलीवर हरभरा, मसूर किंवा वाटाणा घेतात. ज्याच्या खाचरांत ओल कार्तिकापुढें टिकते, त्यास हें दुसरें पीक जवळजवळ फुकट मिळतें.

रान व देवराई

मावळच्या रानांत हिरडा, ऐन, जांभूळ, आंबा, अंजनी, उंबर हीं झाडें सर्वत्र दिसतात. हिरडा हें उत्तर मावळचें नगदी पीकच म्हणावें लागेल. कोंवळ्या फळास बाळहिरडा म्हणतात व वाळवून विकल्यास त्यास पक्क्या फळाहून चांगला भाव येतो. त्यावर पुष्कळ कुटुंबांचें पेरणीपूर्वींचें मीठ-मिरचीचें खर्च चालतें. कारवीच्या काठ्यांचा कुड घालून, तो शेणमातीनें लिंपून घराच्या भिंती करतात. ही कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते व त्या वर्षीं सारा डोंगर निळाजांभळा होतो. भीमाशंकरच्या रानांत शेकरू ही मोठी खार आढळते. तें रान १९८५ पासून अभयारण्य आहे.

रानाचा सर्वांत चांगला राखलेला भाग म्हणजे देवराई. बहुतेक खोऱ्यांत भैरवनाथाच्या किंवा एखाद्या देवीच्या नांवानें रानाचा एक तुकडा सोडलेला असतो. तेथील फांदी तोडावयाची नाहीं, पडलेलें लांकूडही सरपणास न्यावयाचें नाहीं, असा दंडक आहे. आंबेगांव तालुक्यांतील आहुपें येथील देवराई या प्रकारची प्रसिद्ध आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास करून, अन्यत्र नाहींशा झालेल्या वनस्पति येथें टिकून आहेत हें दाखवून दिलें. शेतकऱ्यास त्याहून मोठी खूण निराळी आहे. पुष्कळ ठिकाणीं देवराईच्या पायथ्याशीं झरा असतो व तो उन्हाळ्यांतही आटत नाहीं. वरच्या झाडोऱ्यानें पाऊस हळू खालीं सोडला, मुळांनीं व पाल्यानें तो मुरवला, म्हणून खालीं झरा राहिला. देव झऱ्याचें रक्षण करतो असें गांवकरी म्हणतात. त्यांत चूक नाहीं. देवाच्या नांवानें रान राहिलें व रानानें झरा राखला.

लोक व चालीरीति

कुणबी-मराठे, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर असे अनेक समाज येथें राहतात. भाताच्या लावणीस उत्तर भागांत आवणी म्हणतात. त्या दिवसांत घरीं कोणी राहत नाहीं. भर पावसांत इरलें किंवा घोंगडी घेऊन सारें घर चिखलांत उतरतें. काम जड वाटूं नये म्हणून भलरी म्हणण्याची चाल आहे : एकानें उचलावी, बाकीच्यांनीं ओढावी, आणि हात त्या ठेक्यावर चालावे. गुरें पावसास टिकणारीं पाहिजेत. सह्याद्रीच्या उत्तर डोंगरांतील डांगी जातीच्या गुरांची कातडी तेलकट असल्यामुळें तीं संततधारेंतही काम करतात. वाघबारसेस वाघोबाची पूजा होते, कारण गुरें रानांत चरतात व वाघ-बिबट्याचा शेजार खरा आहे.

हा मुलूख एका बाजूस पडलेला असला तरी जगापासून तुटलेला कधींच नव्हता. कल्याण बंदराचा माल नाणेघाटानें जुन्नरास चढे; त्या घाटांत सातवाहनांचा शिलालेख आहे. कार्लें, भाजें, बेडसें येथील लेणीं याच वाटांच्या आधारानें झालीं. १८६३ मध्यें बोरघाटांतून रेल्वे चढली व २००२ मध्यें मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग पूर्ण झाला. या शेवटच्या दोन रस्त्यांनीं मावळचें दैव पालटलें. तें कसें, तें आतां पाहूं.

धरणें

जेथें पाऊस विपुल व डोंगर उंच, तेथें धरणें होणारच. माथ्यावर पाणी अडवून तें कोंकणांत सुमारें पांचशें मीटर खालीं सोडावयाचें व त्यावर वीज काढावयाची, ही टाटांची योजना. तीप्रमाणें खोपोलीचें वीजघर १९१५ मध्यें, भिवपुरीचें १९२२ मध्यें व मुळशीच्या पाण्यावरील भिरा येथील वीजघर १९२७ मध्यें सुरू झालें. मुळशी धरणांत सुमारें पन्नास गांवांची भातखाचरें जात होतीं. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते व या लढ्यांतूनच लोक त्यांस सेनापति म्हणूं लागले. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण थांबलें नाहीं, परंतु शेतकऱ्याची जमीन त्याच्या संमतीवांचून घ्यावी काय, हा प्रश्न तेथें प्रथम स्पष्टपणें मांडला गेला.

दुसरी धरणें देशाच्या पाटबंधाऱ्यांसाठीं झालीं. मुठेवरील खडकवासला १८७९ मध्यें, वेळवंडीवरील भाटघरचें मोठें धरण १९२८ मध्यें, पुढें पानशेत, वरसगांव, पवना, डिंभें, चासकमान. मावळचें उरलेलें पाणी भीमेंतून उजनीस जातें. देशावरील सुबत्ता या पाण्यानें झाली, यांत शंका नाहीं. पण जमीन मावळची गेली व पाणी देशाचें झालें, हेंही तितकेंच खरें आहे. पवना धरणाचें पाणी बंद नळानें शहरास नेण्याच्या योजनेस मावळ तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं विरोध केला, तेव्हां ९ ऑगस्ट २०११ रोजीं द्रुतगतिमार्गावर झालेल्या गोळीबारांत तीन शेतकरी मृत्यु पावले. पाण्याचा वांटा ठरवितांना ज्या खोऱ्यांतून तें निघतें त्यास शेवटीं विचारावयाचें, ही रीत किती महाग पडते, हें त्या दिवशीं दिसलें.

माळीणची शिकवण

३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर ढासळला. दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. तीव्र उतारावरील मातीचा थर अतिवृष्टीनें पाण्यानें भरला, जड झाला व खालच्या कातळावरून सुटला. त्यानंतर उतारावर यंत्रानें केलेल्या सपाटीकरणाविषयीं मोठा वाद झाला. त्या दुर्घटनेंत कोणत्या कारणाचा किती वांटा, हा वाद बाजूस ठेवला तरी शेतकऱ्यानें ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट आहे. हातानें केलेली पडकई दर वर्षीं थोडी थोडी वाढे. तिला दगडाची ताल असे, पाणी जाण्यास वाट असे व नवी माती बसण्यास वेळ मिळे. यंत्र एका दिवसांत डोंगराचा पाय कापतें व सुटी माती उतारावर लोटतें. नांव तेंच राहिलें तरी काम तें राहिलें नाहीं.

आतां काय करावें

द्रुतगतिमार्ग झाल्यापासून मावळ व मुळशीच्या जमिनीस बंगल्यांसाठीं गिऱ्हाईक आलें आहे. वीस गुंठे खाचरांतून घरखर्च भागत नाहीं, मुलें कारखान्यांत जातात, आणि जमिनीस भाताच्या हिशेबानें स्वप्नांतही येणार नाहीं अशी किंमत येते. अशा वेळीं विकूं नका असा कोरडा उपदेश करणें सोपें आहे. तो आम्ही करीत नाहीं. मात्र विकण्यापूर्वीं तीन गोष्टी मोजाव्या. एक, आपलें खाचर वरच्या अंगास आहे कीं खालच्या. वरचें खाचर बुजलें तर खालच्या भावकीचें पाणी तुटतें किंवा बांध फुटतो. दोन, झरा व त्याच्या माथ्यावरचें रान विक्रींत जातें कीं काय. तें गेलें तर पैशानें परत मिळत नाहीं. तीन, विकावयाचीच असेल तर माळाची जमीन विकतां येते काय, हें आधीं पाहावें. खाचर एका पिढीनें बांधलें, तें एका सहीनें देऊं नये.

जे राखणार आहेत त्यांनीं पुढील कामें धरावीं. मृगापूर्वीं बांध तपासावे व पाण्यास दगडी सांडवा ठेवावा. बांधावर गिरिपुष्प लावावें, म्हणजे बांध धरेल व पालाही मिळेल. झऱ्याच्या वरच्या अंगास चराई व वणवा बंद करावा. माघांतच गवताच्या जाळपट्ट्या काढाव्या. तीव्र उतार यंत्रानें कापूं नये. पडकईची जुनी सांवड पुन्हां सुरू करावी. तीस पैसे लागत नाहींत, शेजारी लागतो. आणि तांदूळ गिरणीवाल्यास सुटा सुटा न घालतां खोऱ्यानें एकत्र येऊन विकावा.

देशावरील शेतकरी बंधूंसही एक विनंति आहे. मावळांतील बांध फुटला म्हणजे ती माती तुमच्या धरणांत येऊन बसते व तेवढी पाण्याची जागा कमी करते. वरचें रान गेलें म्हणजे पावसाळ्यांत पूर व उन्हाळ्यांत कोरडी नदी. मावळच्या शेतकऱ्याची ताल ही तुमच्या पाटाची पहिली भिंत आहे. तेव्हां पाण्याच्या वांटणीच्या सभेंत त्यास बसावयास जागा द्या, त्याचा तांदूळ त्याच्या नांवानें विकत घ्या, आणि एकदां आषाढांत वेळ काढून एखाद्या खोऱ्यांत जाऊन या. खाचरांत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवरून जें पाणी वाहत असतें, तेंच पुढें तुमच्या उसास मिळतें.